अष्टमीच्या रात्री 'कालिया मर्दन' दाखवायचाय: वेग किती ठेवू, आणि दशावताराची पेटी-पखवाज साथ कशी बसवू?

खाडीकाठ

मंडळी, नमस्कार. मालवण तालुक्यातल्या कालावल खाडीकाठच्या गावातून लिहितेय. आमच्या वाचनालयात गेली सहा वर्षं दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी आम्ही जुना चित्रपट दाखवतो. तीस-पस्तीस माणसं जमतात, निम्मी पासष्टीच्या पुढची, उरलेली शाळकरी पोरं. मधल्या वयाची मुंबईला. 'संत तुकाराम', 'कुंकू', 'माणूस', 'शेजारी' असं सगळं प्रभात एकेक करून झालं.

अडचण पावसाळ्याची. हॉलवर पत्रे आहेत. मिरगाचा पाऊस एकदा पत्र्यावर कोसळायला लागला की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही, तिथे १९३६ सालच्या बोलपटाचं काय ऐकू येणार? मी स्पीकर वाढवत गेले, वाढवत गेले, शेवटी नुसती खरखर उरली आणि लोक छत्र्या घेऊन उठले. त्या रात्री घराकडे येताना मनात आलं, पावसाचे चार महिने मूकपटच का दाखवू नयेत? ज्याला ऐकायचंच नाही त्याला पाऊस काय करणार?

म्हणून ठरवलं की गोकुळाष्टमीच्या रात्री, जन्माच्या आधीच्या वेळात, विठ्ठलमंदिराच्या सभामंडपात फाळक्यांचा 'कालिया मर्दन' लावायचा. १९१९ सालचा. कृष्ण झालीय फाळक्यांची मुलगी मंदाकिनी. ज्यांनी पाहिला नसेल त्यांना सांगते, चित्रपट सुरू होतो तोच या मुलीच्या चेहऱ्यापासून. सात वर्षांच्या मुलीचा मुद्राभिनय बघा अशा अर्थाची पाटी येते, मग ती समोर बघून हसते, रुसते, रागावते, आणि आपल्या डोळ्यांदेखत तिचा कृष्ण होतो. मी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तेवढाच तुकडा चार वेळा मागे नेऊन पाहिला.

साथीला आमच्याच गावातले पखवाजवाले काका आणि पेटीवाले बुवा. दोघांची हयात दशावतारात गेली. पावसात दशावताराचे खेळ नसतात, पेटारा बंद असतो, दिवसा भाताची लावणी, पण संध्याकाळी मोकळे. त्यांना लॅपटॉपवर चित्रपट दाखवला. पाच मिनिटं बघून काका म्हणाले, "बाये, ह्यो किस्न असो धावता कित्याक? कोण पाठीक लागलो हा काय?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. बरोबर आलेली पोरं तर खिदळायलाच लागली. कृष्ण डोहात उडी घेतो, काठावर यशोदा ऊर बडवून घेते, आणि तिचे हात असे भराभर हलतात की पोरांना ती गंमत वाटली. पोटचं पोर डोहात गेलंय म्हणून आई टाहो फोडतेय आणि समोरची मुलं हसतायत. मला ते फार लागलं. मुलांचा दोष नाही. जे समोर दिसलं त्याला ती हसली. पण फाळक्यांनी हे हसण्यासाठी केलेलं नव्हतं, हे मला नक्की ठाऊक आहे.

तर विचारायचं ते असं. हा वेग मुळातच असा आहे की दाखवण्यात चूक होतेय? सुधारायचा असेल तर कितीवर आणायचा? पाट्या इंग्रजीत येतात तेव्हा आमच्या आज्यांनी काय करायचं? शिवाय देवळात असा खेळ लावायला कुणाची परवानगी लागते का? आमच्याकडे शाळेचा प्रोजेक्टर आहे आणि मांजरपाटाचा नऊ फुटी पडदा. अष्टमीला पाच आठवडे उरलेत.

रीळवाला

ताई, आधी तुमच्या पखवाजवाल्या काकांना माझा नमस्कार सांगा. त्यांनी बरोबर ओळखलं. कृष्ण धावत नाही, यंत्र धावतंय.

मी रत्नागिरीत एका टॉकीजमध्ये ३१ वर्षं ऑपरेटर होतो. हिशेब सोपा आहे, वहीत लिहून घ्या. ३५ मिलिमीटरच्या फिल्मच्या एका फुटात १६ चौकटी, म्हणजे एकेक सुटं चित्र, मावतात. मूकपटाचा कॅमेरामन हँडल हाताने फिरवायचा. सेकंदाला दोन फेरे, एका फेऱ्यात आठ चौकटी. म्हणजे सेकंदाला १६ चौकटी, म्हणजे बरोबर एक फूट फिल्म. पुढे बोलपट आला आणि आवाजाची पट्टी फिल्मच्या कडेलाच छापायला लागले. आता वेग जरा हलला तर गाणाऱ्याचा सूर हलणार. म्हणून वेग कायमचा बांधून टाकला, सेकंदाला २४. मूकपटाची रिळं पुढे त्याच २४च्या यंत्रावर चढवली गेली, आणि दोन पिढ्यांची समजूत झाली की त्या काळची माणसं तुरुतुरु चालायची. दीडपट वेगाने कोणीही तुरुतुरुच चालेल.

आता तुमच्या चित्रपटाचं. 'कालिया मर्दन' मूळचा सहा हजार फुटांचा, आज हाती आहे तो साडेचार हजार फुटांच्या आसपास. फुटाला एक सेकंद धरलात तर साडेचार हजार सेकंद, म्हणजे सव्वा तास. २४ने चालवला तर पन्नास मिनिटांत संपतो. तुमची फाइल किती मिनिटांची आहे ते आधी बघा. पन्नासच्या आतबाहेर असेल तर ती पळवलेली आहे. व्हीएलसीमध्ये (लॅपटॉपवर चित्रपट लावायचं सॉफ्टवेअर) वेग ०.६७ ठेवलात की सेकंदाला १६ चौकटी होतात, ०.७५ ठेवलात की १८.

एक तपासणी मात्र करा. कुणीकुणी फाइल बनवतानाच वेग सुधारलेला असतो. व्हीएलसीत एकेक चौकट पुढे नेता येते. तशी नेत बसा. दर तिसरी चौकट हुबेहूब आधीचीच येत असेल तर १६ची २४ आधीच करून ठेवली आहे, मग तुम्ही आणखी हळू करू नका. नाहीतर कृष्ण पाण्यात चालल्यासारखा दिसेल.

आणि १६ हा आकडा वेदवाक्य समजू नका. हाताने फिरवलेलं हँडल, माणूस दमला की हळू, लढाई आली की जोरात. मी नवीन पोराला शिकवताना सांगायचो, पडद्यावर पाणी शोध. पाणी किती वेगाने पडतं ते आपल्या डोळ्याला पाठ असतं. या चित्रपटात पाणी भरपूर आहे. गावातली बाई कृष्णावर पाणी उडवते ती जागा काढा, आणि ते पाणी पाण्यासारखं पडेपर्यंत आकडा हलवा. जिथे जमेल तो तुमचा वेग.

आमच्याकडच्या १६ मिलिमीटरच्या यंत्राला एक खटका असायचा, एका बाजूला मूक, दुसऱ्या बाजूला बोलका. शाळाशाळांतून माहितीपट दाखवायला ते यंत्र घेऊन मी राजापूर-लांज्यापर्यंत फिरलोय. त्या खटक्याला कोणी हात लावत नसे, गंजून जायचा. तुम्ही तो आज फिरवताय याचा मला किती आनंद झाला ते कसं सांगू.

खाडीकाठ

रीळवाला काका, फाइल ४९ मिनिटांची निघाली! चौकटी मोजल्या, पुन्हा आलेली एकही नाही. म्हणजे पळवलेलीच. आज रात्रीच पाणी बघते.

नायट्रेट

परवानगीचं सांगतो. आपल्याकडे चित्रपटावरचा हक्क प्रदर्शनानंतर साठ वर्षं चालतो, आणि फाळक्यांना जाऊनही ऐंशीच्या वर वर्षं झाली (१६ फेब्रुवारी १९४४, नाशिक). त्यामुळे मूळ कृतीवर कुणाचा हक्क उरलेला नाही. पण जी प्रत वापरता ती कुणीतरी जपलेली असते, आणि अलीकडे कुणी तिला संगीत जोडलं असेल तर त्या संगीताचा हक्क वेगळा. तुम्ही आवाज बंदच ठेवणार, त्यामुळे तो प्रश्न नाही. तरी पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाला एक पत्र टाका. चांगली प्रत मिळण्याची शक्यता तिथेच. १९६४मध्ये ते सुरू झालं आणि तिथल्या पी. के. नायरांनी गावोगाव फिरून डबे गोळा केले म्हणून फाळक्यांचं जे काही आज दिसतं ते दिसतं.

तुम्हाला सव्वा तास कमी वाटला तर सुरुवातीला 'राजा हरिश्चंद्र' लावा. ३ मे १९१३ला गिरगावच्या कोरोनेशनमध्ये लागलेला. चार रिळांतली पहिली आणि शेवटची उरलीत, एकूण पंधराशे फुटांच्या आत. रीळवाल्यांच्या हिशेबाने चोवीस-पंचवीस मिनिटं. उरलेली रिळं १९१३ची की फाळक्यांनी १९१७मध्ये पुन्हा केलेल्या चित्रपटाची, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. पण साधंच सांगायचं तर, भारतात तेराशेच्या वर मूकपट निघाले आणि हाताशी उरले ते तीसेक. कुणी जाळले नाहीत मुद्दाम. त्या काळची नायट्रेटची फिल्म आपोआप चिकट होत जाते, पूड होते, पेट घेतला तर पाण्याखालीही विझत नाही, आणि जी धड होती ती लोकांनी तिच्यातली चांदी काढायला विकली. तेव्हा जे आहे ते नीट वेगाने दाखवणाऱ्या माणसाला माझ्याकडून लागेल ती मदत.

वेंगुर्लेकर_दर्यावर्दी

ताई, तुम्ही मालवणच्या, आणि फाळके लावताय? आपल्या दादासाहेब तोरण्यांचं नाव तरी त्या रात्री घ्या! मालवणजवळच्या सुकळवाडचा माणूस. त्यांचा 'पुंडलिक' १८ मे १९१२ला त्याच कोरोनेशनमध्ये लागला, 'हरिश्चंद्र'च्या जवळजवळ वर्षभर आधी. नाटकाचं चित्रीकरण होतं, निगेटिव्ह धुवायला लंडनला पाठवली, म्हणून कुणी त्याला पहिला म्हणत नाही, हे मला माहीत आहे. मला तो वाद उकरायचा नाही. पण सुकळवाडातून निघून मुंबईत त्या काळात कॅमेऱ्यासमोर नाटक उभं करायचं हे काय थोडकं आहे? आजही आमच्याकडे रात्री दशावतार होतो आणि पोरं मोबाइलवर तो पुरा उतरवून घेतात. तेच तर तोरण्यांनी केलं.

खाडीकाठ

दर्यावर्दी, नाव नक्की घेणार. 'पुंडलिक' दाखवताच येत नाही, एक फूटही उरलेला नाही, याचं वाईट मला तुमच्याइतकंच वाटतं. सुकळवाड आमच्यापासून लांब नाही. खेळाला तिथल्या शाळेला बोलावणं धाडते.

शांतपडदा

वेगळं मत मांडतो, राग मानू नका. मूकपटाला साथ देऊ नका. दोन वर्षांपूर्वी मी एका शहरातल्या महोत्सवात मूकपट पाहिला होता, स्टेजवर चार वादक आणि कानठळ्या बसवणारे स्पीकर. दीड तास मी चित्रपट बघूच शकलो नाही, वादकांनाच ऐकत राहिलो. पडद्यावर बाई रडतेय आणि खाली ड्रम वाजतायत. या चित्रपटांतल्या माणसांनी तोंडातून शब्द न काढता सगळं सांगितलंय. त्यावर दशावतारातले लोक बसवलेत तर ते त्यांच्या सवयीने रंग भरतील, कोट्या करतील, मुलं हसतील ती वेगळ्या कारणाने. सात वर्षांच्या त्या मुलीचा चेहरा लोकांना शांतपणे बघू द्या. पावसाचा आवाज पुरे.

रीळवाला

शांतपडदा साहेब, तुमचं दुःख समजलं, पण मूकपट कधीच मुका लागत नव्हता. पडद्याखाली पेटी-तबला बसायचा, आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी पाट्या मोठ्याने वाचून दाखवणारा माणूस असायचा. जपानात तर या वाचणाऱ्याला बेन्शी म्हणत. लोक नटापेक्षा बेन्शीचं नाव बघून तिकीट काढायचे. ताई, तुमच्या इंग्रजी पाट्यांचं उत्तर यातच आहे. पाटी आली की कोणीतरी मराठीतून सांगायचं. मालवणीतून सांगितलंत तर आणखी उत्तम.

पेटारो

माझे वडील दशावतारात स्त्रीपार्टी, म्हणजे बाईची कामं करणारे, होते, मी स्वतः बारा वर्षं काम केलंय, आता कुडाळात दुकान आहे. शांतपडदांची भीती खोटी नाही. आमच्यात लिहिलेली संहिता नसते. आख्यान ठरतं, कोण कोणता वेष घेणार ते ठरतं, बाकी संवाद तिथल्या तिथे. त्यामुळे समोरचा नट थांबला की वाजवणारा भरतो, वाजवणारा थांबला की नट भरतो. पडद्यावरचा नट थांबणार नाही, भरूनही देणार नाही. म्हणून काका-बुवांना एकदा दाखवून भागणार नाही. दहा वेळा दाखवा. पाठ होऊ द्या. पडद्यावरचं माणूस पुढे काय करणार हे माहीत झालं की हात आपोआप थांबतो.

काही गोष्टी अनुभवाच्या. झांज फार ठेवू नका, सभामंडपात ती चेहऱ्यावर आदळते. युद्धाचा ठेका कालियाच्या लढाईसाठी राखून ठेवा, लोणी चोरण्याच्या वेळी तो वापरून टाकलात तर डोहात उतरल्यावर हातात काही उरणार नाही. सुरुवातीला मुलीचा चेहरा येतो तिथे काहीच वाजवू नका, नुसता पेटीचा एक सूर धरून ठेवा. ती कृष्ण होते त्या क्षणी पखवाजावर पहिली थाप. एवढं केलंत तर शांतपडदाही समोर बसून बघतील असं मला वाटतं.

आणि श्रावणात पखवाजाचं चामडं उतरतं हे काकांना सांगायला नको, पण प्रोजेक्टरवाल्यांना सांगा. कणीक लावून, गठ्ठे ठोकून सूर चढवायला त्यांना अर्धा तास लागतो, आणि तो अर्धा तास पंखा त्यांच्यावर फिरवू नका.

एक सांगायचं राहिलं. आमचे हल्लीचे नाटकाचे फलक बघितलेत का, 'ट्रिकसीनयुक्त पौराणिक नाटक'? धूर, उडणारं चक्र, जमिनीतून वर येणारा राक्षस. जाणकार नाकं मुरडतात. पण कृष्णाला डोहाखाली नागाशी झुंजताना दाखवणारे फाळके याच वाटेवरचे. लोकांना चमत्कार दिसला पाहिजे, ही भूक तीच आहे.

खाडीकाठ

पेटारो, तुमचं लिहिणं मी काका-बुवांना वाचून दाखवलं. काका बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "माणूस आपलो आसा." लावणी आटपली की रोज संध्याकाळी तालीम ठरलीय.

शांतपडदा, तुमचा इशारा मनावर घेतलाय. स्पीकर लावणारच नाही. जे वाजेल ते हातातून.

खाडीकाठ

खेळ झाला. काल रात्री. सविस्तर लिहिते, कारण यातलं निम्मं तुम्हीच ठरवलेलं आहे.

वेग आधी सांगते. पाण्याची जागा काढून तीन संध्याकाळी बसलो. ०.६७वर पाणी बरोबर पडत होतं पण माणसं चालताना जरा रेंगाळत होती. ०.७५वर चाल छान, पण यशोदेचे हात पुन्हा घाई करायला लागले. शेवटी काकांनीच सोडवलं. ते लॅपटॉपकडे न बघता मांडीवर ठेका धरून बसले आणि मला आकडा खाली-वर करायला लावला. एका जागी म्हणाले, "हय रव." म्हणजे इथेच थांब. बघितलं तर ०.७. रीळवाला काका, हिशेबाने सेकंदाला सतरा चौकटींच्या जरा आत येतं. तोच ठेवला. नुसता चित्रपट सत्तर मिनिटांचा झाला.

आधी 'हरिश्चंद्र'ची उरलेली रिळं लावली. तारामती पडद्यावर आली तेव्हा आमच्या गावातले एक आजोबा, वयाच्या साठीपर्यंत दशावतारात सीता-द्रौपदी केलेले, खुर्ची ओढून पुढे गेले. तारामती झालेले अण्णा साळुंके म्हणजे ग्रँट रोडच्या खाणावळीत काम करणारा तरुण, त्याला फाळक्यांनी हात नाजूक आहेत म्हणून निवडलं, हे मी सुरुवातीला सांगितलं होतं. आजोबा म्हणाले, नुसत्या हातांनी होत नाही. मग त्यांनी जागेवरच उभं राहून दाखवलं. पुरुष पदर सावरतो तेव्हा खांदा आधी उचलतो, बाईचा खांदा हलत नाही, मनगट जातं. शिकवल्याशिवाय ते येत नाही, आणि त्यांच्या मते साळुंक्यांना अर्धंच आलं होतं. खांदा उचलतोय बघा, म्हणाले. सगळ्या सभामंडपाने पुढची दहा मिनिटं तो खांदाच बघितला.

मुलीचा चेहरा आला तेव्हा बुवांनी एकच सूर धरला. बाहेर पाऊस होता, कौलांवरून पागोळ्या गळत होत्या, एवढाच आवाज. ऐंशीच्या वर माणसं होती, सुकळवाडची तेरा मुलं धरून. मंदाकिनीचा कृष्ण झाला आणि काकांची थाप पडली. माझ्या शेजारच्या आजींनी माझा हात धरला तो शेवटपर्यंत सोडला नाही.

पाट्या बुवांनीच सांगितल्या, गद्यात, मालवणीत. कोट्या एकही नाही. यशोदा काठावर ऊर बडवून घेते तिथे काकांनी पखवाजावर तळवा ठेवून नाद बंद केला. पोरांपैकी एकही हसलं नाही.

आता जे लिहिण्यासाठी मी मुद्दाम बसले ते. तालमीच्या चौथ्या दिवशी काका वाजवता वाजवता थांबले. म्हणाले, "हय कायतरी सुटला." मला काही दिसलं नव्हतं. मागे नेऊन पुन्हा लावलं, पुन्हा त्याच जागी त्यांचा हात अडखळला. एकेक चौकट काढत गेले तेव्हा कळलं, तिथे प्रसंग मध्येच तुटून पुढचा सुरू होतो. फिल्म उरलेली नाही ती तिथली. मी हा चित्रपट वीसेक वेळा पाहिला असेन, मला ती जागा कधी जाणवली नव्हती. काकांच्या ठेक्याला जाणवली. मग त्यांनी अशा तीन जागा काढून दिल्या. मी सांगितलं की मूळचे सहा हजार फूट होते, त्यातला पाव भाग गेला. काका म्हणाले, "मगे थय आमी काय करूचा?"

ठरलं ते असं की त्या तीन जागी मी पडदा काळा ठेवायचा आणि गेलेल्या फिल्मच्या जागी बुवांनी पद म्हणायचं, आख्यान पुढे नेणारं, आमच्याकडे दशावतारात म्हणतात तसं. काल तसंच केलं. पहिल्या खेपेला लोकांना वाटलं वीज गेली, दोघांनी मोबाइलचे दिवे लावले. दुसऱ्या खेपेला कुणी हललं नाही. तिसऱ्या वेळी, कालियाच्या लढाईच्या अलीकडे, काळोखात बुवांच्या पदाला मागून चार-पाच जणांनी सूर दिला, आणि मी पडदा पुन्हा उजळला तेव्हा ते गातच राहिले, कृष्ण फण्यावर उभा राहीपर्यंत.

नायट्रेट, पुण्याला पाठवायच्या पत्रात या तीन जागा मिनिट-सेकंदांसह लिहायच्या आहेत. तुम्ही मसुदा बघाल का? पहिली आणि तिसरी मी नक्की केलीय. दुसऱ्या जागेबद्दल काका आणि माझ्यात चार सेकंदांचा फरक पडतोय, ती उद्या संध्याकाळी दोघं बसून पुन्हा बघणार आहोत.